लाल मासा

"हिज कफ इज अ रेड हेरिंग, सर."

कंपनीचा वकील हे बोलला तेव्हा बाबा लेबर कोर्टात साक्षीला उभे होते. मी त्यांच्या बाजूला. दुभाष्या आला नव्हता. कोर्टात हिंदी चालायची, पण वकील बाहेरून आलेला, बोलायचा सगळं इंग्रजीत. कोर्टाच्या बाबूंनी विचारलं होतं, "इनके साथ अंग्रेज़ी कोई जानता है?" बाबा छाती फुगवून म्हणाले होते, "मेरी लड़की. कॉलेज में है."

मिल बंद पडली होती. बाबांनी उभी उमर कार्डिंग खात्यात, कापूस विंचरायच्या मशीनवर घातली होती. छातीत कापूस बसला होता, खोकला थांबत नव्हता. त्याची भरपाई मागायला आम्ही आलो होतो.

"काय बोल्ला ग तो?" बाबांनी विचारलं.

हेरिंग म्हणजे मासा, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "लाल मासा म्हणतायत."

बाबांना वाटलं, आपल्यालाच विचारलंय. हात जोडून खरं तेच बोलले, "खातो साहेब. कधीमधी. पण लाल नाही."

कुणीतरी त्याचं हिंदी केलं. सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबांनीही मान खाली घातली. वकिलाने रुमाल नाकाला लावला. आमची वस्ती कोणती, आम्ही कोण, हे त्याच्यापुढच्या कागदावर होतं. या वेळी तो हिंदीत बोलला. आम्हाला कळावं म्हणून.

"तभी तो बू आ रही है."

परत हसले. बाबाही हसले. सगळे हसतायत म्हणून.

टेम्पोत बसल्यावर ते हळूच म्हणाले, "मी उगाच बोललो ग. तुझी लाज गेली."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत मी डिक्शनरी उघडली. रेड हेरिंग. मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवायला पुढे केलेली खोटी गोष्ट. म्हणजे तो बाबांच्या खोकल्याला खोटं म्हणाला होता. त्या वेळी मला कळलं असतं तर बाबांनी शर्ट वर करून बरगड्या दाखवल्या असत्या.

मी घरी आले आणि काहीच सांगितलं नाही. चूक माझी होती. ती त्यांच्या नावावर राहू दिली.

बाबा पुढच्या तारखेला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. केस खारीज झाली. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले, तोवर घरात मासा आला की ताट बाजूला सरकवायचे. का, ते कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. अजून कुणी खोकलं की मी दचकून मागे बघते.

राजवाड्यामागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी कायद्याची डिक्शनरी आणली. शब्द पाठ केले. विदाउट प्रेज्युडिस. वेव्ह, म्हणजे लाट नाही, हक्क सोडणं. एक्स पार्टी, म्हणजे एकतर्फी. सरळ दिसणारे आणि आत भलताच अर्थ लपवलेले शब्द. काही वर्षांनी त्याच कोर्टात मी दुभाषी म्हणून उभी राहिले.

दुसरी मिल बंद झाली होती. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली एक मावशी साक्षीला होती. मराठीच बोलायची. मिलचा वकील जजकडे वळून म्हणाला, "शी हॅज अ‍ॅन अ‍ॅक्स टू ग्राइंड." मी तोंड उघडलं तसा मला म्हणाला, "मैडम, ये बताना ज़रूरी नहीं. आप सिर्फ़ सवाल बताइए."

 "इनके बारे में बोला है, इनके सामने बोला है," मी म्हटलं. "मैं बताऊँगी."

आणि मावशीला सांगितलं, "मावशी, हे म्हणतायत, यात तुमचा मतलब आहे, म्हणून तुम्ही असं बोलताय."

मावशीने पदर खोचला. "आहे ना मतलब. माझं काम गेलं, त्याचा मतलब आहे. पण खोटं नाही बोलत. लिहा म्हणावं."

मी शब्दन् शब्द सांगितला. जजसाहेबांनी लिहून घेतला. कुणी हसलं नाही.

पुढच्या तारखेला मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी जाते. बाहेरच्या बाकावर बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कळलं नाही तर हात जोडू नका, मान हलवू नका. थांबवा त्यांना. अर्थ विचारा. शिपाई हटकतो. मी उठत नाही.

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण यापुढे अर्थ कळलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून हसावं लागेल.