नेढ्यातलं आभाळ

धुरपदाबाई आमच्या घरी रोज संध्याकाळी टीव्ही बघायला यायची, पण मालिकेत तिला काडीचा रस नव्हता. ती बघायची मालिकेतल्या माणसांमागचा डोंगर. नायिका नेमकी त्याच्या पुढ्यात येऊन रडायला लागली की धुरपदाबाईचा पारा चढायचा. "सरक की बया बाजूला! किती रडशील?" घरातली पोरं खो खो हसायची. मीही हसायचे.

कासुर्डीत केबल येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गावाच्या कडेला धरणग्रस्तांची वसाहत आहे, तिथली ही बाई. मावळात धरण झालं, हिचं गाव त्यात गेलं आणि सरकारनं त्या लोकांना इकडं आणून बसवलं. त्यांना दिलेल्या जमिनीत आमचाही एक तुकडा गेला होता, म्हणून सुरुवातीला आमचं बोलणं बेतास बात. ते वाढलं या टीव्हीमुळं.

भाताच्या मुलखातली ती माणसं इथं येऊन बाजरी खायला शिकली. घर मोडताना त्यांनी लाकडं, कौलं, दारं, देव, सगळं ट्रकात घालून आणलं. राहिलं फक्त उखळ. घर बांधताना पडवीत खडक लागला होता, तो न फोडता त्यातच सासऱ्यानं भात सडायला उखळ कोरलं होतं. खडक कसा आणणार? मुसळ तेवढं आलं. वसाहतीतल्या घरात ते कोपऱ्यात नुसतं उभं असायचं. धुरपदाबाई त्याला अधूनमधून तेल लावायची. मी चेष्टा करायचे, "धुरपदाबाई, मालीश झाली का मुसळाची?" ती म्हणायची, "कोरडं पडलं तर चिरतंय, रतनबाई."

पडद्यावरचा तो डोंगर तिच्या बुडालेल्या गावचा आहे, हे आधी कुणीच मानलं नाही. तिचा मुलगा विनोद कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "आई, डोंगर सगळीकडं सारखेच असत्यात." तेव्हा ही म्हणाली, "मग बघत ऱ्हावा. आता त्या सुळक्याच्या डाव्या अंगाला नेढं दिसंल." आणि खरंच, पडद्यावरचं चित्र हळूहळू सरकलं आणि कड्याला आरपार पडलेलं भोक दिसलं. त्यातून आभाळाचा निळा तुकडा दिसत होता. विनोद टीव्हीच्या जवळ सरकला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना ती एकटीच आली आणि जवळ बसली. म्हणाली, "रतनबाई, नेढं समद्या गावातनं दिसतंय, पण त्यातलं आभाळ फकस्त आमच्या दारातनं दिसायचं. शेजारच्या दारात गेलं तरी न्हाई."

"मग?"

"मग ते क्यामेरावाले माझ्या अंगणात उभं ऱ्हायल्यात. ती बया बसून रडती ते जोतं माझ्या घराचं हाय. म्हंजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की माझं अंगण उघडं पडतंय. मला आजपातूर कुणी सांगितलंच न्हाई."

तिचा नवरा सावळाराम तिला इतकी वर्षं सांगत आला होता, की समदं कायमचं पाण्याखाली गेलं, आता नाव काढू नको. मालिका लागली की हा माणूस वसाहतीतून उठून थेट कॅनॉलवर जाऊन बसायचा. आम्हाला वाटायचं, त्याला टीव्हीचा तिटकारा आहे.

गावाला न्या म्हणून धुरपदाबाईनं पूर्वी किती वेळा विनवलं होतं, पण पाण्यात बघायचं काय, म्हणून घरातल्यांनी तिचं बोलणं उडवून लावलं होतं. आता शूटिंगची जागा बघायला जायचं म्हटल्यावर सगळे एका पायावर तयार! तिची सून तेजश्री हिला नायिकेचा धरणाकाठचा बंगला बघायचा होता, जमलं तर नायिकेसोबत फोटोही काढायचा होता. विनोद शिफ्ट बदलून घेणार होता. गावातल्या साहेबरावांची भाड्याची जीप ठरली. दशम्या कुणी करायच्या, खिडकीशी कुणी बसायचं, यावर माझ्या ओसरीवर रोज भांडणं. म्होरकी मीच होते, कारण मला गप्प बसवत नाही.

तेजश्री म्हणाली, शिवरात्रीच्या सुट्टीला जाऊ. धुरपदाबाई अडून बसली. "वैशाखात जाऊ. शूटिंगवाले उन्हाळ्यातच येत्यात." हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं, की सगळ्यांना पटलं. मला खरं कारण माहीत होतं. टीव्हीवरचं ते चित्रण गेल्या उन्हाळ्यातलं; शिवरात्रीला पाणी वर असतं. मी तोंड मिटून राहिले, आणि माझ्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नाही.

चैत्रात घोटाळा झाला. मालिकेतल्या नायिकेचं लग्न झालं आणि ती मुंबईला गेली. पडद्यावरून धरणाचं पाणी गेलं, डोंगर गेला, रोज आपलं एकाच दिवाणखान्यात सासू-सुनेचं भांडण. तेजश्री म्हणाली, "आता तिथं शूटिंगच न्हाई, तर जाऊन काय करायचं?" विनोदची शिफ्ट बदलेना. साहेबरावांच्या जीपला लग्नाची भाडी लागली. आठवडाभरात सगळी सहल विरून गेली. धुरपदाबाई कुणाला एका शब्दानं बोलली नाही. याचाच मला जास्त राग आला.

तरी ती रोज यायची आणि तो दिवाणखाना बघत बसायची. एकदा मी म्हटलं, "आता कशाला बघता? डोंगर तर दाखवत न्हाईत."

"गावाकडं येईल की कवातरी ती," धुरपदाबाई म्हणाली. "माणूस येतंय गावाकडं. येत न्हाई व्हय?"

त्याच वेळी सावळाराम तिला बोलवायला आमच्या दारात आला. आमच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. त्यानं हे ऐकलं. तिनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी म्हनला हुता, समदं कायमचं बुडालं. मग ती बया कुठं बसली हुती?"

सावळाराम दारातच खाली बसला.

"उन्हाळ्यात उघडं पडतंय," तो म्हणाला. "मी बघून आलोय. इनोद साळंत हुता तवा. पुण्याला कचेरीत जातो म्हणून सांगून गेलो हुतो."

धुरपदाबाईनं एकच विचारलं. "उखळ?"

"हाय. गाळानं भरलं हुतं. हातानं उकरून साफ केलं. पाण्यानं धुतलं. थोडा वेळ बसलो आन् आलो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुला नेलं असतं, तर तू तिथनं उठली असतीस का? माझं मलाच उठवंना झालं हुतं. हितं पोरगं लहान, पेरणी तोंडावर. मी भ्यालो."

मी टीव्ही बंद केला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? धुरपदाबाई मात्र रडली नाही. ती उठली, नवऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि दोघं घरी गेली.

वैशाखातल्या एका सकाळी मी हायवेच्या थांब्यावर उभी होते. ही दोघं पुण्याची एसटी धरायला आली. सावळारामाच्या हातात पिशवी, आणि धुरपदाबाईच्या खांद्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं ते मुसळ.

"अहो, एवढं जड कशाला नेताय?" मी म्हटलं.

"उखळाजवळ ठिवून यायचं. हितं त्याला काय काम हाय?"

एसटी आली. सावळारामानं आधी मुसळ वर चढवलं, मग तिला हात दिला. पायरीवरून ती माझ्याकडं वळली.

"रतनबाई, ती बया परत माझ्या जोत्यावर रडाय आली, तर तिला म्हणावं, बस. पोटभर रड. पण उखळात पाय ठिवू नको."