नायगावच्या काकींच्या फोनमधला फोटो

मी नास्तिक वगैरे नाही, गणपतीत आरतीला उभा राहतो. पण कुणी 'मला असं दिसलं, तसं भासलं' सांगू लागलं की माझा पहिला प्रश्न असतो – झोप नीट झाली होती का? माझी बायको मेधा म्हणते, तुझ्याशी बोलणं म्हणजे कस्टमर केअरला फोन लावणं, आधी बंद करून चालू करायला सांगणार. तर हे अशा माणसाने लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

मी वसई पूर्वेला राहतो. गोखिवऱ्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वरच्या मजल्यावर माझा छोटा गाळा आहे. शेजारी बाटल्यांची झाकणं बनतात, दिवसभर खटखट चालू. तिथून मी एक वेबसाइट चालवतो. लोक तिच्यावर फोटो चढवतात, त्यांना एक लिंक मिळते, ती लिंक कुणालाही पाठवता येते. एवढंच.

यात डोक्याला ताप एकच – कॉपीराइटच्या तक्रारी. 'हा फोटो मी काढलाय, माझ्या परवानगीशिवाय टाकलाय, उतरवा.' रोज सकाळी चहासोबत मी त्या बघतो. रीत अशी, की तक्रारीतला एकेक फोटो तपासायचा, तेवढाच उतरवायचा, ज्याने चढवला त्याला नोटीस पाठवायची, आणि त्याला हरकत घेता यावी म्हणून फोटो काही काळ बाजूला जपून ठेवायचा.

मी यातलं काही करत नव्हतो. नोटीस गेली की लोक उलट शिव्या देतात, म्हणून नोटिसा बंद केल्या होत्या. जागा अडते म्हणून बाजूला ठेवणंही बंद. आणि एकेक फोटोवर टिक करण्याचा कंटाळा, म्हणून तक्रार आली की अख्खा अल्बम उडवायचो. तक्रार करणारा खूश, मी मोकळा.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या अल्बमबद्दल तक्रार आली. फोटोग्राफरचं म्हणणं बरोबर होतं – त्याचे फोटो आमच्या साइटवरून उचलून दुसराच एक स्टुडिओ जाहिरातीत वापरत होता. मी नेहमीसारखा अल्बम उडवला.

काही दिवसांनी शलाका नावाच्या मुलीचा ईमेल आला. अल्बम तिचा, लग्न तिचं. लिहिलं होतं – 'लग्नाचे फोटो माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहेत. पण त्यात शेवटी माझ्या काकांचा एक फोटो होता, तो मी माझ्या जुन्या फोनवर काढला होता. तो फोन चोरीला गेला. काका आता नाहीत. त्यांचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. तेवढा परत द्या.'

मी सर्व्हर धुंडाळला. बॅकअप बघितले. कुठेच नव्हता. आणि मी तिला काय कळवलं? 'तक्रार संपूर्ण अल्बमबाबत होती, आमचा नाइलाज आहे.' सरळ खोटं.

त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना, गाडी चालवताना, झाकणांची खटखट ऐकताना... तेच. शेवटी मी तिला फोन करून खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकीला मी अजून सांगितलेलं नाही. ती रोज दिवा लावताना मी पाठवलेल्या लिंकवरून तो फोटो उघडून बघायची. हल्ली मी विषयच काढत नाही. रविवारी नायगावला या. तुम्हीच सांगा तिला."

गेलो. काकींचं घर खाडीच्या बाजूला, बैठं. पूर्वी भातशेती होती, आता घराच्या मागे टॉवरची रांग आहे. दुपारची वेळ, लख्ख ऊन. शलाकाने दार उघडलं आणि म्हणाली, "या सर. तुमचा सपोर्ट आता घरपोच मिळतो वाटतं."

काकींनी तांब्या पुढे केला. "पानी घ्या, भाऊ. ही अशीच बोलते."

मी पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. तुमच्या मालकांचा फोटो माझ्या आळसामुळे गेला, तो आता कुठेच नाही, मला माफ करा... असं काहीतरी.

"गेला कुठं?" काकींनी उशीखालून फोन काढला, दोनदा बोट लावलं आणि माझ्यासमोर धरला. "हे काय, हायेत की."

शेताच्या बांधावर उघडाबंब, सडपातळ माणूस. मागे पाणी. कॅमेरा अडवायला उजवा हात पुढे केलेला, पंजा चेहऱ्याच्या अर्ध्यावर आलेला.

"फोटो म्हटला की पळायचे," काकी म्हणाल्या. "हिनं गुपचूप काढला."

शलाकाने आपल्या फोनवर तीच लिंक उघडली. करडा चौकोन – 'हे चित्र हटवण्यात आले आहे'. माझ्या फोनवरही तेच. मी म्हटलं, फोनच्या मेमरीत जुनी प्रत राहिली असणार. मला फार आनंद झाला. ती प्रत सोडवून घेतली की झालं.

मी स्क्रीनशॉट काढला. फोटो समोर दिसत होता, स्क्रीनशॉटमध्ये करडा चौकोन आला. माझ्या फोनने काकींच्या स्क्रीनचा फोटो काढला – त्यातही करडा चौकोन, माझ्याच साइटचं वाक्य. शलाकाने काढून पाहिला. तेच. इंटरनेट बंद केल्यावर फोटो उघडेना, चालू केल्यावर उघडला. म्हणजे तो मेमरीतून येत नव्हता. माझ्या सर्व्हरवरून येत होता, आणि माझ्या सर्व्हरवर तो नव्हता.

शलाका कॉटवर बसली. "काकी, ह्यांनी खरंच काढून टाकलाय गं तो."

"काढला असंल," काकी फोनमधल्या काकांकडे बघत म्हणाल्या. "पन ह्यांना कोनी कळवलं नाय वाटतं."

त्या सहज बोलल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. नोटिसा बंद असतात हे मी त्या घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

पुढे पावसाळ्यात काकींचा फोन बादलीत पडून बंद झाला. शलाकाने नवा घेऊन दिला, तीच लिंक पाठवली आणि मला बोलावलं. नवा कोरा फोन, त्यात जुनं काहीही नाही. काकींनी बोट लावलं. फोटो उघडला. तोच बांध, तेच पाणी. पण पंजा चेहऱ्यावर नव्हता. हात खाली सोडलेला होता, आणि तो माणूस सरळ आमच्याकडे बघत होता. थोडा कंटाळलेला वाटला.

मी शलाकाकडे पाहिलं. तिने मान हलवली – तिलाही तसंच दिसत होतं.

"आता कोन काढतंय त्यांचा फोटो," काकी म्हणाल्या. "म्हनून उभे हायेत."

सर्व्हरच्या नोंदी मी रोज बघतो. दिवेलागणीला नायगावहून त्या फोटोची मागणी येते. सर्व्हर उत्तर देतो – सापडला नाही. ओळखीच्या दोन इंजिनिअरांना दाखवलं. एकाने मला रजा घ्यायला सांगितलं. मीही असंच सांगितलं असतं.

आता मी तक्रारीतला एकेक फोटो तपासतो. मेधा म्हणते, मुलांचे पेपरही कधी एवढे तपासले नाहीस. नोटिसा पुन्हा चालू केल्या. तेव्हा सिस्टीमने आधीच्या सगळ्या न गेलेल्या नोटिसा समोर आणून ठेवल्या – 'आपले चित्र हटवण्यात आले आहे'. मी त्या एकेक करून पाठवल्या, प्रत्येकीखाली माफी लिहून.

एक सोडून. त्या अल्बमची नोटीस अजून तशीच पडून आहे. शलाकाला तर सगळं माहीतच आहे, पाठवून काही फरक पडायला नको. साइट चालवायचा मला कंटाळा आलाय, बंद करावीशी वाटते. पण बंद करायची तर सिस्टीम उरलेल्या सगळ्या नोटिसा आपोआप पाठवते... आणि ती एक नेमकी कुणाला पोहोचेल, ते मला माहीत नाही.