शिंगवाला सरदार आणि लिफ्टवाला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला तुम्ही काहीही बोला, हसून सोडून देईल. त्याच्या लहानपणच्या कार्टूनला मात्र नावं ठेवायची नाहीत! कंपनीत सगळे त्याला 'सरदार' म्हणायचे, ते त्यामुळेच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाकीचे मिस्त्री तडक गच्चीवरच्या मशीनकडे पळत. हा पठ्ठ्या आधी बंद दाराच्या फटीला तोंड लावायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "घाबरू नका, मी इथंच आहे. आधी तुम्ही, मग लिफ्ट." आत रडणारं माणूस गप्प व्हायचं आणि बाहेर आरडाओरडा करणारेसुद्धा. कुणी कौतुक केलं तर छाती फुगवून सांगायचा, "वाक्य माझं नाही हो. आमच्या शिंगवाल्या सरदाराचं आहे."

त्याची मुलगी याच सरदाराच्या गोष्टी ऐकत जेवली, झोपली, वाढली. ढगातला किल्ला, उडते घोडे आणि दर रविवारी मार खाऊनही पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहणारा शिंगवाला. पण आता ती अकरा वर्षांची झाली होती. हल्ली बाप बोलायला लागला की ती मोबाइलमधून मान वर न करता "हो बाबा" म्हणायची. त्या "हो बाबा"नं तो आतून खचत चालला होता. एवढी हक्काची श्रोती हातची जाते म्हणजे काय!

आणि एक दिवस त्याला ते कार्टून सापडलं. आपल्या भाषेत डब केलेलं, रंगीत. हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. रविवारी सकाळी त्याने धाकट्या बहिणीला तिच्या जुळ्या मुलांसकट बोलावून घेतलं, मुलीला हुकूम सोडला, "मोबाइल खाली. आज आपला सरदार बघायचाय," आणि स्वतः बूट घालून परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. घरात बूट कशाला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पहिल्या दोन मिनिटांतच घात झाला.

पडद्यावर सोनेरी केसांचा एक देखणा तरुण आला आणि मागून आवाज घुमला, "हा आहे आपला नायक!" मग विजा कडाडल्या, शिंगवाला आला, आणि तोच आवाज म्हणाला, "आणि हा दुष्ट, कपटी, काळ्या मनाचा..."

"मामा," जुळ्यांपैकी एक म्हणाला, "तुमचा सरदार तर व्हिलन आहे!"

"थांब रे, चूक झाली असेल त्यांची," मामा म्हणाला.

पुढे किल्ल्याचा बुरूज कोसळला. शिंगवाल्याचे शिपाई खाली अडकले. हा प्रसंग त्याला तोंडपाठ होता. तो खुर्चीतून अर्धा उठला. "आता ऐका हं, आता म्हणेल बघा..." शिंगवाला ढिगाऱ्यावर वाकला आणि खेकसला, "मरा तिथंच! माझं रत्न कुठाय?"

जुळे हसून हसून गडाबडा लोळले. मुलगी हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

"बाबा, मग ते वाक्य कुणाचं? तुम्ही आम्हाला खोटंच सांगत होता?"

"अगं, नाही गं! मी या कानांनी..." असं म्हणून तो थांबला. कान! अरे देवा. त्याने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं, तर ती पदराने डोळे पुसत होती. हसू की रडू, काही कळेना.

"ऐकलंस कधी, दादा?" ती म्हणाली. "टीव्ही समोरच्या औषधवाल्यांकडे होता, आणि खिडकी कायम बंद. तू रंगाच्या डब्यावर उभा राहून काचेतून बघायचास. माझं तर डोकंही खिडकीपर्यंत पोचायचं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसायचे आणि तू वरून सांगायचास. मी आज पहिल्यांदा बघतेय हे!"

"पण आत्या, व्हिलनलाच हीरो कसं केलं यांनी?" मुलीने विचारलं.

आता मात्र लिफ्टवाला उसळला. "मग काय करू? तो केसवाला दर रविवारी दुसऱ्याच्या घराचं दार तोडून आत घुसायचा! घुसून मारामारी, वर दात काढून हसायचा. असला माणूस हीरो? आणि ही तुझी आत्या तेव्हा पाच वर्षांची. बुरूज कोसळला म्हटल्यावर हिने भोकाड पसरलं. काहीतरी सांगायला नको का?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणून म्हटलं, घाबरू नका, मी इथंच आहे. पुढे मलाच वाटायला लागलं, की तोच म्हणाला होता."

खोलीत फक्त तो केसवाला हसत होता.

बहिणीने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. मग पंचेचाळिशीची ती बाई गुडघे धरत, "आई गं" करत जमिनीवर बसली, टीव्हीकडे चक्क पाठ करून, भिंतीला टेकून.

"मला हे नको," ती म्हणाली. "माझं चांगलं होतं. हं, सांग."

तेवढ्यात मुलगी उठली. तिने मोबाइल सोफ्यावर पालथा टाकला आणि आत्याला चिकटून, तशीच पाठ करून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "दार तोडलं का हो त्या केसवाल्याने?"