पाठीवरचे सात गोल

माझ्या पाठीवरून सोसायटीत मीटिंग झाली होती, हे सांगितलं तर खरं वाटेल का तुम्हाला? झाली. आमच्याच हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावर बसून. आणि ती मीच ओढवून घेतली. चहा घ्या, सांगते.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना. मलमं झाली, शेक झाला. शेवटी माझी सून गौरी म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसमधल्या एकीला कपिंगने फरक पडलाय. जाऊया का?" कपिंग म्हणजे चिनी उपचार. पाठीवर काचेचे पेले उपडे लावतात, पंपाने आतली हवा खेचून घेतात, कातडी फुगून वर येते. आपल्याकडे पूर्वी तुंबड्या लावायचे ना, त्याच भावकीतलं.

गौरीने अर्धी रजा टाकली आणि मला इथल्याच, आपल्या मुलुंड स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. पेले लागले तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला होता. हे तुम्ही तरी लक्षात ठेवा, मी विसरले.

घरी येऊन आरशात बघते तर पाठीवर सात काळेनिळे गोल. बशीएवढे म्हणणार होते, पण खोटं कशाला, पेल्याएवढेच.

दोन दिवसांनी, बुधवारी, सोसायटीत सत्यनारायणाची पूजा. वाकले तेव्हा पदर सरकला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या कामतवहिनींना त्यातले दोन गोल दिसले.

"शोभाताई, हे काय झालं?"

आता पंचाईत अशी, की याच कामतवहिनींचे मिस्टर गुडघ्यात चिनी सुया टोचून घ्यायला जायचे, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, चिनी खेळणं आठवडाभर टिकत नाही, चिनी औषध काय टिकणार? मग कपिंगचं कुठल्या तोंडाने सांगू?

"जाऊ दे हो," मी म्हटलं.

"सूनबाई होत्या का तेव्हा?"

"होती ना. तिच्यामुळेच तर हे," मी बोलून गेले आणि जीभ चावली. पुढे बोलले असते तर चिनी दवाखाना बाहेर पडला असता.

कामतवहिनींचे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्या खांद्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टचं दार माझ्यासाठी कुणी ना कुणी धरून ठेवायला लागलं. खालच्या बाकावर मधली जागा मिळायला लागली. तळमजल्यावरच्या आजी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "आजकालच्या मुली हात उचलायला मागेपुढे बघत नाहीत गं." तेव्हा उजेड पडला.

उजेड पडला आणि मी गप्प राहिले. का? नवरा गेल्यापासून सहा वर्षांत 'कशा आहात' म्हणून थांबून कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, चार दिवस विचारू देत, मग सांगू.

रविवारी सकाळी सेक्रेटरी आणि तीन बायका घरी हजर. माझा मुलगा निखिल भाजी आणायला गेलेला. सेक्रेटरी घसा खाकरून गौरीला म्हणाले, "मॅडम, आम्हाला कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही. पण सासूला मारहाण म्हणजे..."

गौरीला आधी काही कळेचना. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, सांगा ना यांना."

मी सांगितलं. दवाखाना, पेले, पंप, चिनी खेळणंसुद्धा. पावती काढून दाखवली. कामतवहिनींनी माझा हात दाबला.

"घाबरू नका शोभाताई. आम्हाला कळतंय. तिच्यासमोर तुम्हाला असंच बोलावं लागणार."

यावर काय बोलाल, सांगा.

मंडळी गेली. गौरीने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. "हे लोक काय समजतायत, ते तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे, आई."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दोन महिन्यांत निखिल आणि गौरी कांजूरमार्गला भाड्याच्या जागेत गेले. निखिल म्हणाला, गौरीला ऑफिस जवळ पडतं. गौरीचं ऑफिस मुलुंडलाच आहे.

त्यांचा टेम्पो गेला त्या दुपारी कामतवहिनी वाटीभर शिरा घेऊन आल्या. वर केशर, बेदाणे. "सुटलात हो शोभाताई. तोंड गोड करा."

मी तोंड उघडलं. आईशप्पथ, खरं सांगायलाच उघडलं होतं. त्यांनी चमचा पुढे केला.

शिरा छान झाला होता. दुसऱ्यांदा मीच मागून घेतला.