चर चालला मारुतीला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. पाणी अडवायचा चर उताराला आडवा खणतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी आखलेला चर टेकडी चढून थेट मारुतीच्या पारावर गेला.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या ओल्या आणि आमच्या विहिरी कोरड्या. दुष्काळ असा, की पाहुण्याला पाणी विचारताना जीभ अडखळायची. आमच्या चाकूरकडच्या गावात रोजगार हमीचं काम निघालं. टेकडीला आडवे चर खणायचे, पाऊस आला की पाणी तिथंच मुरवायचं, आणि काठानं झाडं लावायची.

मी हंगामी मुकादम. नवे साहेब म्हणाले, "पहिला चर नीट आखा, तुम्हाला कायम करतो." कायम! तेवढ्यावर आमच्या बायकोनं शेजारणींशी बोलणं कमी केलं.

आखायला गवंड्याची असते तशी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दिली होती. तिची दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली. एक काठी माझ्याकडं, दुसरी कामावरच्या गयाबाईकडं. माझ्या काठीवर तांबडी खूण. पाणी खुणेवर असलं की दोघं सारख्या उंचीवर. खुणेखाली गेलं की गयाबाई खाली उभी आहे, तिला वर सरकवायचं. गयाबाईच्या काठीवरचं पाणीही बघायचं असतं म्हणे. ते शिकवलं तेव्हा मी बहुधा भजी खात होतो.

"गयाबाई, जरा वर."

ती सरकली. दहा पावलांनी पुन्हा तेच.

"अजून वर."

"मुकादम, आपण डोंगर चढून राहिलोत."

"पाणी खोटं बोलत नसतं, गयाबाई."

"गुडघे बी खोटं बोलत न्हाईत."

मी ऐकतोय होय? मी चुन्याची फक्की टाकत पुढं, मजूर खणत मागं. तिसऱ्या दिवशी गयाबाईची काठी पाराला टेकली. "आता कळसावर चढू का?" तिनं विचारलं.

नेमके तेव्हाच साहेब आले. खालून वर बघत राहिले.

"हा चर आहे की देवाला जायची वाट?"

"नळीनं आखलाय, साहेब," मी छाती काढून म्हणालो.

"आखून दाखवा."

नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. मी नेहमीप्रमाणं टोक तोंडात धरलं, बुडबुडा ओढून काढला आणि आलेलं पाणी घटकन गिळलं.

साहेब माझ्या गळ्याकडं बघत होते. "पाणी कुठं गेलं?"

"पोटात."

"असं कितीदा?"

"बुडबुडा येईल तितक्यांदा."

"थुंकायचं असतं ते, आणि नळी पुन्हा भरायची असते!"

"दुष्काळात पाणी थुंकायचं, साहेब?" मी खरंच दुखावलो होतो. उन्हानं तापलेलं, प्लास्टिकच्या वासाचं पाणी मी गावासाठी गिळत होतो.

मग साहेबांनी समजावलं. मी घोट घेतला की नळीतलं पाणी उतरायचं, मला वाटायचं गयाबाईच खाली आहे, आणि मी त्या बिचारीला वर धाडायचो. म्हणजे टेकडी मी पिऊन पिऊन चढलो होतो. मजूर कुदळी टाकून हसत खाली बसले.

साहेबांनी गयाबाईला विचारलं, "बाई, तुम्ही कसा आखला असता?"

"त्यात काय? ढोरं चरताना आडवी फिरतात, उगं चढत न्हाईत. त्यांच्या पायवाटंनं जायचं."

साहेबांनी नळी नव्यानं भरून ती पायवाट तपासली. जेमतेम बोटभर फरक निघाला. त्यांनी तिथंच मुकादम बदलला. गयाबाई पुढं आणि मी तिच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी नव्या मुकादमीणबाईंनी नळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर अगदी मायेनं म्हणाल्या, "तहान लागली तर सांगत जा, भाऊ. माठ लिंबाखाली ठिवलाय."