तिसऱ्या वाटीचा रस्सा

नगरला पहिल्यांदा येणाऱ्याने माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नये. डाव्या हाताकडून मिसळीचा असा वास येतो की तिरडीवरचा माणूस उठून पाव मागेल. तिकडे जायचं नाही. सरळ कापड बाजार गाठावा, गरम भजी खावी, चितळे रोडला मलईचं दूध प्यावं, आणि तरी पोटात कोपरा उरलाच तर दिल्ली दरवाजापाशी भेळ. डावीकडे नाही. त्या हॉटेलाच्या दारावरून मी हाताला धरधरून पुढे नेलेल्या पाव्हण्यांची रांग लावली तर ती पाथर्डीच्या वेशीला टेकेल. कारण सांगतो.

दुष्काळाचं साल होतं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन अख्ख्या जिल्ह्याच्या जिभांचं चामडं झालं होतं. माझी तेवढी जिवंत होती, ती त्या हॉटेलाच्या रश्श्यामुळे. मी नागापूरच्या एका नव्या कारखान्यात लागलो होतो, खोलीवर एकटा राहायचो, आणि पाळी सुटली की सायकल आपोआप तिकडे वळायची. रस्सा इतका जहाल की पहिल्या घोटाला कानातून शिट्टी वाजे. आणि मिसळीच्या हॉटेलाचा धर्म तुम्हाला ठाऊक आहे: पाव मोजून, रस्सा मागाल तितका. रश्श्याची वाटी मोजणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता.

त्याच साली माझं लग्न जमत आलं होतं. पाथर्डीकडची मुलगी. तिला मी पाहिली होती आणि त्या दिवसापासून कारखान्यातलं यंत्रसुद्धा मला तिच्या बांगड्यांसारखं वाजताना ऐकू येई. तिचे वडील माझी नोकरी बघायला नगरला आले. कारखाना लांबून दाखवला आणि ऐट म्हणून त्या हॉटेलात घेऊन गेलो. गप्पांच्या भरात मी तिसरी वाटी मागितली.

मालक खांद्यावर टॉवेल टाकून टेबलापाशी आला. पाव्हणे कुठले, कशाला आलात, अशी गोड चौकशी केली. म्हातारा भोळा, त्याने सगळं सांगून टाकलं. मग मालक सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोलला.

"पाव्हणं, पोरगी देताय खरं, पण आधी याची कणगी मोजून घ्या. हा रश्श्याची तिसरी वाटी मागतोय. पोरीच्या ताटात काय उरंल?"

हॉटेल हसलं. मीही हसलो, गाढवासारखा. म्हातारा मात्र हसला नाही. दाण्यादाण्याला महाग झालेलं साल; माणसाचं पोट किती, यावर त्याची लायकी ठरत होती. त्याने हातातला अर्धा पाव ताटलीत ठेवला, येतो म्हणाला आणि गेला. आठवड्याने निरोप आला: पोरगं चांगलं हाय, पर खातं लई. तो निरोप वाटेत अशा काही तोंडांतून फिरला की तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेतो मी एका बैठकीत बोकड संपवून दावं चघळतो, अशी माझी ख्याती झाली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, नवी ज्वारी आली, आणि त्या मुलीचं लग्न ठरलं. कुणाशी? हॉटेलवाल्याच्या भाच्याशी. ज्याला मी एकट्याने पावांची लादी संपवताना पाहिलं होतं त्याच भाच्याशी. माझी कणगी मोजायला लावून मामाने आपली भरली होती.

लग्न नगरातच, मुलाच्या घरी. मला आमंत्रण नव्हतं. पण पत्रावळीवर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या पंगतीत मधोमध बसलो.

आता आपल्याकडचा नियम: पंगतीतला शेवटचा माणूस जेवत असेतो कुणी उठायचं नाही. बुंदी झाली, वांग्याची भाजी झाली, सगळ्यांनी हात आवरले. मी म्हटलं, आमटी. आमटी आली. भुरका मारून पुन्हा म्हटलं, आमटी. शेजारचे आधी कौतुकाने बघत होते, मग काकुळतीने. एका पुढाऱ्याच्या पायांना अशा मुंग्या आल्या की त्या उरलेली बुंदी घेऊन गेल्या असाव्यात. बाहेर दुसरी पंगत भुकेने तळमळत उभी. मुलीकडची मंडळी त्याच पंगतीतली. आत मी सावकाश शितं वेचतोय. वाढपी पांगले. शेवटी यजमानमामा स्वतः फेटा सावरत आला आणि माझ्यासमोर हात जोडून वाकला. तोंड ओळखलं तेव्हा त्याचे हात जोडलेलेच राहिले.

"उठा आता," तो हळूच म्हणाला. "पोरीकडचे उपाशी हायेत. माझी अब्रू जाती."

दारातून मुलीचे वडील बघत होते. मी त्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कणगी मोजली न्हाई वाटतं, मामा?"

 मामाने आमटीची बादली मागवली आणि स्वतःच्या हाताने मला वाढलं. मी ती वाटी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, ढेकर दिला आणि मगच उठलो. माझ्यामागे सगळी पंगत सुटल्यासारखी उठली.

आमटी पाणचट होती. हेही मी गेली कित्येक वर्षं स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.