प्लॉट दिंडोरीत, शेत वणीच्या वाटेवर

नाशिक सोडून तुम्ही दिंडोरीला का आलात, असं कुणी विचारलं की आमची मुलं सांगतात, आईला शेजारपाजार लागायचा, दवाखाना जवळ हवा होता. हे त्यांना मीच सांगितलं आहे. परवा तिच्या श्राद्धाला थोरल्या मुलीने पाहुण्यांना पुन्हा तेच सांगितलं आणि मी खाली मान घालून जेवत राहिलो. ते खरं नाही. तिला शेत हवं होतं. गाव मला हवं होतं.

नव्वदच्या दशकात आम्ही गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. ती दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांतून मिरच्या लावायची आणि दारी आलेल्या भाजीवालीशी अर्धा तास पावसापाण्याचं बोलायची. माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा शहर सोडायचं यावर आमचं एकमत होतं. पुढे कुठे जायचं, यावर नव्हतं.

दरवर्षी आम्ही एसटीने वणीला, गडावर जायचो. दिंडोरी मागे पडली की थोड्या वेळाने डाव्या हाताला एक उतरतं शेत लागायचं. दोन एकर, एक विहीर, बांधावर आंबा. म्हाताऱ्या मालकाची मुलं पुण्याला स्थिरावली होती आणि त्याला ते विकायचं होतं, हे तिने उतरून, चौकशी करून काढलं होतं. तिथे दोन खोल्या बांधायच्या, बाजरी, मेथी, थोडा लसूण लावायचा, एक गाय बांधायची, असं सगळं ती बसमध्ये मला सांगायची.

मला सकाळी पेपर हवा होता. स्टँड जवळ हवा, संध्याकाळी बोलायला चार माणसं हवीत. दिंडोरीत एक प्लॉट मी बघूनही ठेवला होता. रानात रात्री कुणाला हाक मारणार, असं मी म्हणायचो. एकदा मी बिबट्याची भीती घातली.

"तुमच्यात त्याला काय मिळणार?" ती म्हणाली. "हाडंच सगळी."

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सासरे गेले. वारस म्हणून तिचं नाव भावाच्या नावाबरोबर सातबाऱ्यावर लागलं. काही महिन्यांनी तिचा भाऊ पिशवीभर शेंगा घेऊन आमच्याकडे आला.

"अक्का, तेवढी एक सही देऊन टाक. दाजी, तुमी पण चला. लय लांब नाय, दिंडोरीलाच जायचं हाय."

"आणि नाही दिली तर? भाऊबीजेला दार लावशील?"

"दार उघडं हाय. पुरणपोळी नाय मिळायची."

दोघंही हसली. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडी नेसवतो आणि माहेर शाबूत राहतं. जी सोडत नाही तिच्याविषयी गावात बोलतात. त्यामुळे सही करायची की नाही, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्याचं नाव आधीच कुठल्या तरी सातबाऱ्यावर असावं लागतं, हे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने चहा पिताना सांगितलं होतं. माझ्या घराण्यात जमिनीचा तुकडा नव्हता. म्हणजे ते शेत घेता आलं असतं ते फक्त तिच्या नावाने. जरा थांब, आधी आपलं शेत घेऊ, मग सही कर, एवढंच म्हणायचं होतं. भाऊ थांबला असता, तो अडून बसणारा माणूस नव्हता. मी चपला घातल्या आणि म्हणालो, "भावाशी वाईटपणा कशाला, चल."

सही केली त्या दिवशी भावाने दिलेली हिरवी साडी नेसूनच ती पुढे तलाठ्याकडे आली. तोवर शेताचा मालक आमच्या किमतीला तयार झाला होता. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"काकू, सातबारा कुणाच्या नावावर?"

"भावाच्या."

"तुमचं नाव?"

"होतं."

तलाठी भला माणूस. त्याने फाईल मिटली आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

परतताना ती खिडकीशी बसली नाही. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

मी नाही म्हणालो.

"मीच विचारून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली.

भावाला कळलं तेव्हा तो धावत आला. थोडी जमीन परत तुझ्या नावावर करता येते का बघतो, म्हणाला. "दिलेलं परत मागितलं तर माहेरी कुठल्या तोंडाने येऊ?" असं म्हणून तिने त्याला जेवायला बसवलं.

मग दिंडोरीचा प्लॉट घेतला. पेपर वेळेवर यायचा, स्टँड जवळ होता, चार माणसं मिळाली. तिने कधी तक्रार केली नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत वीतभर पट्ट्यात मात्र ती दर पावसाळ्यात बाजरी पेरायची. शेजारीण म्हणायची, "काकू, काढा ना ते गवत." कणसं भरली की चिमण्या यायच्या. मी हाकलायला उठलो की ती हात धरायची. "खाऊ द्या. कुणाच्या तरी पोटात जातेय."

ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी वणीला जातो तेव्हा डावीकडची खिडकी धरतो. त्या शेतात कुणीतरी द्राक्षं लावली आहेत. विहिरीशेजारी दोन खोल्या बांधल्या आहेत, दारात गाय असते. आंबा तसाच आहे. तो मागे पडेपर्यंत मी मान वळवून बघतो. शेजारी बसलेलं माणूस कधी विचारतं, बाबा, तुमचं शेत का?

मुलांना हे वाचायला देणार आहे. पुढच्या श्राद्धाला कुणी विचारलं, तर त्यांनी पाहुण्यांना ते शेत सांगावं. दिंडोरी सोडल्यावर डाव्या हाताला, आंब्याच्या खुणेवर.